कागद गेला, खळ राहिली

इतिहास लिहिणाऱ्यांची एक खोड मला फार दिवसांपासून खटकत आली आहे. महाल कोणी बांधला, कोणी सजवला, यावर पानेच्या पाने भरतात. पण सजावट जुनी झाल्यावर ती खरवडून कोणी काढली, याबद्दल सगळे चिडीचूप. भिंतीच्या कागदाचे, म्हणजे आपण ज्याला वॉलपेपर म्हणतो त्याचे, असेच आहे. त्यावर जाडजूड पुस्तके आहेत. त्यांत वेलबुट्टी आहे, मोर आहेत, डाळिंबे आहेत. पण तो कागद ज्या खळीच्या जिवावर भिंतीला धरून असतो, त्या खळीला कोपऱ्यात उभे राहण्यापुरतीही जागा मिळत नाही. लग्नाच्या अल्बममध्ये आचाऱ्याचा फोटो नसतो, तसेच हे.

मी हे अधिकारवाणीने बोलतो आहे. बारा फूट बाय दहा फूट भिंतीवरची जुनी खळ मी स्वतः चार दिवस खरवडली आहे. एवढे भांडवल फार थोड्या इतिहासकारांकडे असेल.

आमचा फ्लॅट आम्ही जुनाच विकत घेतला, त्यामुळे माजी मालकांच्या बऱ्याच हौशी त्याच्याबरोबर फुकट आल्या. हॉलच्या एका भिंतीवर तर अख्खे स्वित्झर्लंड होते. मागे हिमशिखरे, मध्ये तळे, तळ्यात तीच शिखरे उलटी, आणि पुढे एक रिकामी होडी. १९८० च्या आसपास अशी सीनरी भिंतीवर असणे हे घर सुधारल्याचे लक्षण मानीत. दातांच्या दवाखान्यात सूर्यास्त असे, फोटो स्टुडिओत नारळाची बाग असे, आणि दिवाणखान्यात स्वित्झर्लंड असले की माणूस स्वतः लोणावळ्याच्या पुढे गेलेला नसला तरी चालत असे.

आमच्या स्वित्झर्लंडला पावसाळा मात्र कोकणातला होता. जूनमध्ये शिखरांवर ठिपके पडत, ऑगस्टपर्यंत हिम हिरवे होई, आणि गणपतीत होडीच्या खालून एक विचित्र वास यायला लागे. आल्यागेल्याला वाटे, तळ्याचाच वास. पण त्याच महिन्यांत आमच्या हिचा खोकला सुरू व्हायचा आणि दिवाळीशिवाय थांबायचा नाही. दोन-तीन वर्षे बाटल्या झाल्या, काढे झाले, हळद-दूध झाले. मग एकदा आमचे डॉक्टर सहज चहाला आले. बशीत चहा ओतता ओतता त्यांची नजर भिंतीवर गेली आणि ते म्हणाले, "वहिनी, औषध राहू द्या. आधी ते तळं बुजवा."

तळे बुजवायला दहा मिनिटे पुरली. वरचा प्लास्टिकचा थर एका कोपऱ्याला नख लावताच दुधावरची साय निघावी तसा निघाला. आल्प्स पर्वत घडी घालून जिन्याखाली ठेवला. आणि मग भिंतीवर राहिली ती खळ.

खळ ही वस्तू मोठी मायावी. कोरडी असताना दिसत नाही. भिंत कशी स्वच्छ, थोडी पिवळसर, इतकेच. ओला हात लावला की बोटे गोगलगायीवरून फिरल्यासारखी बुळबुळतात. आमच्याकडे जे पेंटरमामा येतात त्यांना मी विचारले, "यावरच रंग दिला तर?"

"देतो ना साहेब. रंग बसतो."

"मग?"

"बसतो. राहत नाही."

त्यातले शास्त्र त्यांनी नंतर समजावून सांगितले. रंग ओला असतो, त्या ओलीने खळ फुगते. वाळताना आकसते आणि रंगाला बरोबर ओढते. मग भेगा पडतात, पोपडे येतात. भिंतीला रंग धरतच नाही, तो धरतो खळीला. आणि खळ ही कोणाचीच नसते.

बातमी बिल्डिंगभर झाली आणि सल्ले यायला लागले. दुसऱ्या मजल्यावरून व्हिनेगर आले, तिसऱ्यावरून खाण्याचा सोडा. तळमजल्यावरचे आप्पा काठी टेकीत आले, भिंतीवर दोनदा टकटक केले आणि म्हणाले, "पाडून टाका."

पेंटरमामांनी मात्र आधी एक प्रश्न विचारला. "साहेब, घरात आयोडिन आहे का?" मला वाटले, मामांना कुठेतरी लागले. पण त्यांनी तो बोळा भिंतीला लावला, आणि पिवळट भिंतीवर काळानिळा डाग उमटला. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडिन टाकल्यावर उमटायचा, तोच. "पिठाची खळ आहे," मामा म्हणाले, "मैद्याची. कोमट पाण्याला ऐकंल." म्हणजे ते स्वित्झर्लंड इतकी वर्षे मैद्यावर उभे होते!

सगळ्या खळी पिठाच्या नसतात. परदेशात १९५० च्या सुमारास सेल्युलोजची खळ बाजारात आली. तिच्यातल्या मिथाइल सेल्युलोजची तऱ्हा उलटी. ते गार पाण्यात विरघळते आणि कढत पाण्यात घट्ट होऊन बसते. त्यावर आयोडिनचा डागही पडत नाही. तेव्हा खळीची जात कळल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावरून भिंतीवर आधण ओतू नये. आणि जात कोणतीही असो, पाणी मारण्याआधी त्या भिंतीचा मेन स्विच बंद करावा.

रीत सोपी आहे. हातभर तुकडा कोमट पाण्याने भिजवायचा, वीस मिनिटे थांबायचे, लांबी भरायची रुंद पत्री आडवी धरून अलगद खरवडायचे, मग स्पंजने पुसायचे आणि पाणी बदलायचे. बोटाला बुळबुळ लागेनाशी होईपर्यंत हेच पुन्हा. यात कष्ट खरवडण्याचे नाहीत, थांबण्याचे आहेत. घाई केली की पत्री गिलाव्यात रुतते. अशा वीस-वीस मिनिटांत मी बादलीशेजारी स्टुलावर बसून वॉलपेपरचा इतिहास वाचून काढला. पुढचा मजकूर ही त्या स्टुलाची कमाई.

आपल्याकडे जुन्या घरांतून भिंतीला कागद लावण्याची पद्धत नव्हती. याचे कारण आपण मागासलेले होतो असे कोणी सांगेल. मला वाटते, आपल्याला कसर, वाळवी आणि झुरळे माहीत होती. खळ म्हणजे त्यांना बारमाही पंगत. पतंगाला खळ, वहीच्या पुठ्ठ्याला खळ, इथपर्यंत ठीक. आणि त्या खळीतही बाइंडरलोक मोरचूद घालीत, ते उगीच नव्हे. भिंतीला मात्र आपण चुना दिला. चित्रे हवी असली तर थेट भिंतीवर काढली. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात ती अजून पाहायला मिळतात. चुना जहाल असतो, बुरशीला तो मानवत नाही. दर दिवाळीला जुन्यावर नवा हात फिरवला की झाले. आपले पूर्वज भिंतीला कधी जेवू घालीत नव्हते.

युरोपात थंडी. दगडी भिंती गारठलेल्या. श्रीमंतांनी त्यांवर भरजरी पडदे टांगले आणि ज्यांना ते परवडेनात त्यांनी छापील कागद चिकटवले. इंग्लंडात ही हौस इतकी वाढली की सरकारचे लक्ष गेले, आणि सरकारचे लक्ष गेले की जे होते तेच झाले. ॲन राणीच्या काळात, १७१२ साली, रंगवलेल्या आणि छापलेल्या कागदावर चौरस यार्डाला एक पेनी कर बसला. लोकही काही कच्चे नव्हते. त्यांनी कोरा कागद विकत घेऊन भिंतीला लावला आणि मग त्यावर साच्याने फुले उठवून घेतली. कर फुलांवर होता. फुले दुकानात उमललीच नव्हती! पुढे १८०६ साली तर या कागदावरचे सरकारी शिक्के खोटे मारणे हा देहदंडाचा गुन्हा ठरला. भिंतीवर गुलाब लावला म्हणून फासावर जायची सोय झाली. तो कर १८३६ साली एकदाचा उठला.

फ्रान्समधली कथा याहून मोठी. पॅरिसला ज्याँ-बातीस्त रेव्हेयाँ नावाचा वॉलपेपरचा बडा कारखानदार होता. १७८३ साली व्हर्सायला राजापुढे मेंढी, बदक आणि कोंबडा घेऊन जो फुगा उडाला, तो याच्याच कारखान्याच्या मदतीने तयार झालेला. १७८९ च्या एप्रिलमध्ये एका सभेत तो मजुरी आणि पावाचे भाव यांच्यासंबंधी काहीतरी बोलून गेला. लोकांनी अर्थ काढला की हा मजुरी कापणार. पाव आधीच महागलेला. २८ एप्रिलला जमावाने त्याचे घर आणि कारखाना धुळीला मिळवला, सैन्याने गोळ्या घातल्या, माणसे मेली. बास्तीयचा तुरुंग पडला तो त्यानंतर अडीच महिन्यांनी. राज्यक्रांतीची पहिली ठिणगी शाळेच्या पुस्तकात कुठेही पडो, माझ्या स्टुलावरून ती वॉलपेपरच्या कारखान्यात पडलेली दिसते. आणि त्या जमावाला कारखान्यातल्या खळीकडे पाहून काय वाटले असेल, याचा मी दोन बादल्या विचार केला. ज्या पिठाचा पाव त्यांना मिळत नव्हता, तसल्याच पिठाने बड्यांच्या भिंती सजत होत्या.

एवढ्यावर थांबले असते तर इतिहास गमतीचा झाला असता. पण पुढे रंग आला, आणि तो हिरवा होता.

कार्ल शीले या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने १७७५ साली तांबे आणि आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, यांच्यापासून एक झकास हिरवा रंग तयार केला. पुढे तसाच आणखी एक, अधिक चमकदार, निघाला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या घरोघरी भिंतींवर हिरवी पाने डोलायला लागली. धुरकट शहरात राहणाऱ्या माणसाला पानांची हौस असणारच. पण हिरव्या कागदाच्या खोलीत झोपणारी माणसे खंगतात, अशी कुजबुज सुरू झाली. १८३९ साली जर्मनीत ग्मेलिन या प्राध्यापकाने ओलसर खोल्यांतल्या अशा कागदांबद्दल उघड इशारा दिला. १८६२ साली लंडनच्या लाइमहाउस भागात एका घरातली चार मुले पाठोपाठ गेली. आधी घटसर्पाचा संशय आला. मग लक्ष त्यांच्या खोलीतल्या हिरव्या कागदाकडे गेले आणि वर्तमानपत्रांतून गदारोळ उठला.

हे वाचले तेव्हा भिंत भिजून वीस मिनिटे कधीच उलटून गेली होती. मी आपला पत्री हातात धरून बसलो. आतल्या खोलीतून हिच्या खोकल्याची एक ढास ऐकू आली. आमच्या भिंतीवर सोमल नव्हता, तो जमाना केव्हाच सरला. तरी मी उठून खिडकी उघडली.

आता यात खळीचा काय संबंध? सगळाच संबंध. रंगातले विष धुळीतून, सुटलेल्या कणांतून पोटात जात होतेच. पण बार्तोलोमेओ गोसिओ या इटालियन वैद्याने १८९० नंतरच्या काही वर्षांत प्रयोग करून दाखवले, की आर्सेनिक असलेल्या खाद्यावर एक प्रकारची बुरशी वाढली तर ती लसणासारख्या वासाचा वायू सोडते. भिंतीवर बुरशीला हे खाद्य कोण पुरवणार? ओल भिंतीची, विष रंगाचे आणि जेवण खळीचे! त्या वायूची ओळख पुढे लीड्सच्या फ्रेडरिक चॅलेंजर यांनी १९३२ च्या सुमारास पटवली. त्या वायूनेच माणसे मारली की रंगाच्या धुळीने, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. पण ओलसर भिंतीवरच्या पिठावर बुरशी माजते, यावर शास्त्रज्ञांचे आणि माझ्या सौभाग्यवतींचे पूर्ण एकमत आहे.

या भानगडीत मोठमोठी नावे अडकली. नेपोलियन सेंट हेलेना बेटावर ज्या लाँगवुड नावाच्या ओलसर घरात ५ मे १८२१ रोजी वारला, तिथल्या भिंतीचा कागदाचा एक तुकडा इंग्लंडात एका कुटुंबाच्या जुन्या चिकटवहीत राहिला होता. डेव्हिड जोन्स या रसायनशास्त्रज्ञाने रेडिओवरून विचारणा केली तेव्हा तो पुढे आला. १९८२ साली तपासणीचा निकाल छापला गेला. तुकड्यात आर्सेनिक होते. बादशहा त्याने मेला असे नव्हे. शवचिकित्सेत पोटाचे दुखणे निघाले होते. पण युरोपभर फौजा फिरवणारा माणूस शेवटी एका ओल्या भिंतीकडे तोंड करून पडला होता, हे खरे.

विल्यम मॉरिसची गोष्ट मला अधिक लागली. कारखान्यांच्या भकास मालावर चिडून ज्याने हातकामाचा, निसर्गाचा, कामगारांच्या सुखाचा पुकारा केला, तो हा माणूस. त्याच्या पानाफुलांच्या कागदांपुढे आजही लोक माना डोलवतात. आणि याच मॉरिसच्या घरात पैसा आला तो डेव्हनमधल्या एका मोठ्या खाणीच्या शेअर्समधून. ती खाण तांब्याची, आणि नंतर आर्सेनिकची. १८७१ ते १८७५ तो तिचा संचालक होता. राजीनामा दिला त्या दिवशी तो आपल्या उंच टोपीवर मुद्दाम बसला आणि ती चेपून टाकली, असे सांगतात. पण हिरव्या कागदाची भीती म्हणजे डॉक्टरांनी उठवलेले खूळ, असेच तो दहा वर्षांनंतरही म्हणत होता. २००३ साली अँड्र्यू मेहार्ग यांनी त्याच्या सुरुवातीच्या एका कागदाचा नमुना तपासला. पानांच्या हिरव्यात तांबे आणि आर्सेनिक निघाले. माणूस वाईट नव्हता. पुढून सुंदर दिसणाऱ्या वस्तूच्या मागे काय आहे, ते पाहण्याची गरज चांगल्या माणसांना फारशी वाटत नाही, इतकेच.

ब्रिटनमध्ये अशा कागदांवर बंदीचा कायदा काही झाला नाही. लोकांनीच ते घेणे सोडले आणि कारखानदार आपल्या मालात आर्सेनिक नाही अशी जाहिरात करू लागले. पण कित्येक घरांत जुना कागद काढण्याचे कष्ट नकोत म्हणून त्यावर नवा चिकटवीत. आज इंग्लंडातल्या जुन्या वास्तूंची डागडुजी करणारे लोक हे थर एकेक करून सोडवतात आणि कधी कधी मागच्या करशिक्क्यांवरून त्यांचा काळ ठरवतात. आजोबांवर बाबा, बाबांवर मुलगा, मध्ये खळ.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या भिंतीचा खालचा उजवा कोपरा उघडा झाला, आणि तिथे एक लांबट तपकिरी पट्टा निघाला. वरून खाली, सरळ, नदी काढल्यासारखा. मामा पत्री खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, हे बघा. ही वरच्या बाथरूमची. लई जुनी आहे. पाइप गळतोय तो. झाकायला कागद लावलेला दिसतोय."

हिने ते बघितले आणि इतकेच म्हणाली, "म्हणजे मी एवढी वर्षं त्या तळ्याचंच पाणी भोगतेय." मला यावर विनोद सुचला नाही.

वरच्या बिऱ्हाडाशी काय बोलणे झाले, सोसायटीच्या सभेत किती ठराव झाले, तो इतिहास वेगळा आहे आणि त्याला अजून कोणी रंगीत चित्रे काढलेली नाहीत. पाइप बदलला. भिंत दोन महिने उघडी ठेवून वाळवली. मग आयोडिनचा बोळा पुन्हा फिरवला; या खेपेला तो पिवळाच राहिला. तेव्हा कुठे मामांनी रंगाचा डबा उघडला. पुढच्या पावसाळ्यात हिला खोकला आला, पण गणपतीपर्यंत गेला. डॉक्टर म्हणाले, एवढा तर मलाही येतो.

खळीबद्दल इतके वाईट बोललो, तर एक चांगले सांगितलेच पाहिजे. पूर्वी कोळशाच्या धुराने काजळलेले कागद पाण्याने धुता येत नसत. म्हणून त्यांवर शिळा पाव चोळीत. अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका कंपनीने १९३० नंतर यासाठी पीठ, मीठ, पाणी वगैरे घालून चक्क कणकेसारखा गोळा विकायला काढला. भिंतीवरून तो फिरवायचा, काजळी त्याला चिकटायची. पण घरे तापवायला गॅस आला, धुता येणारे प्लास्टिकचे कागद आले, आणि गोळ्याचे गिऱ्हाईक संपले. कंपनी डबघाईला आली. तेव्हा के झुफॉल या बालवाडीच्या बाईंनी तो गोळा पोरांच्या हातात दिला. पोरांनी त्याची फुले केली, चांदण्या केल्या. १९५६ साली तो 'प्ले-डो' या नव्या नावाने बाजारात आला, आणि आज जगभरची मुले भिंती पुसायच्या त्या पिठाचे हत्ती करतात. आमच्या नातीनेही केला आहे. तो तिने मला नव्या भिंतीला चिकटवून दाखवला, आणि मी लगेच पत्री आणायला गेलो.

हल्ली वॉलपेपरची फॅशन परत आली आहे. परवा ही मला एका भल्या मोठ्या दुकानात घेऊन गेली. तिथल्या तरुणाने अल्बम उघडला. "काका, हे बघा, रॉयल लुक. हे बघा, फॉरेस्ट. इटलीचं आहे." पान उलटत गेले. जंगले आली, विटा आल्या, एक तळेही येऊन गेले. हिने माझ्याकडे पाहिले. मी त्याला म्हटले, "सुंदर आहे. पण हे चिकटवता कशानं?"

त्याने मान वर केली. "ते आमचा माणूस करतो काका. तुम्ही डिझाइन सांगा."

"आणि काढायचं झालं तर?"

"काढायचं?" तो खरोखरच गोंधळला. "काका, आत्ता तर लावायचंय."

मी त्याच्याकडे एक कोरा तुकडा, थोडी खळ आणि चमचाभर पाणी मागितले. त्याने आत जाऊन मालकाला बोलावून आणले.